भाजीला डोळा नसतो

हसुरामकाका खोपोलीच्या वाटेवरच्या थीम पार्कमध्ये आजवर अकरा वेळा गेले आहेत आणि तिथल्या एकाही पाळण्यात बसलेले नाहीत.

तिकीट ते पूर्ण काढतात. दरवाज्यावरची मुलगी मनगटाला कागदी पट्टा बांधते, तो निमूट बांधून घेतात आणि किंचाळणाऱ्या गर्दीकडे ढुंकूनही न पाहता थेट खाद्यदालनाच्या मागच्या बाजूला जातात. स्वयंपाकघरातला धूर बाहेर फेकणारा पंखा जिथे असेल, तिथे एखादा कठडा शोधून बसतात. सकाळी अकरा, दुपारी एक आणि तीन अशा त्यांच्या निरीक्षणाच्या तीन वेळा ठरलेल्या आहेत.

"अकराला तेल ताजा, एकला घाईत, तीनला थकलेला," असे त्यांनी मला एकदा समजावले. "मानूस खोटा बोलल, पाटी खोटी बोलल. धूर खोटा बोलत नाय."

पाटी म्हणजे 'शुद्ध शाकाहारी' ही हिरव्या अक्षरांतली पाटी. तिच्यावर काकांचा काडीचाही विश्वास नाही.

पनवेल ते कर्जत आणि पनवेल ते वसई या पट्ट्यातले प्रत्येक मनोरंजन उद्यान, जलक्रीडा उद्यान आणि बर्फघर त्यांनी असे पालथे घातले आहे. त्यांना पत्ता विचारला तर ते नकाशा काढून देतात, पण त्या नकाशात फक्त स्वयंपाकघरे असतात. गगनचुंबी चक्र म्हणजे 'ज्याच्या मागं डोसेवाला हाय तो चाक'. भुताचा बंगला म्हणजे 'पावभाजीच्या उजव्या अंगाचा काला घर'. उलटेपालटे करणारी ती प्रसिद्ध आगगाडी त्यांच्या नकाशात नाहीच, कारण तिच्या आसपास काहीही तळले जात नाही.

विचुंब्याच्या ज्या इमारतीत मी तिसऱ्या मजल्यावर राहते, तिथे दुसऱ्या मजल्यावर काका आणि चांगुणाकाकू राहतात. मूळचे उरणचे. करंज्याच्या बंदरावर होड्या लागल्या की मासळीचा लिलाव करायचा आणि माल पनवेलच्या बाजारात आणायचा, यात त्यांचे चाळीस वर्षांचे आयुष्य गेले. गुडघे बोलू लागले तेव्हा त्यांनी व्यवसाय सोडला. व्यवसायाने मात्र त्यांना सोडलेले नाही. जगातली प्रत्येक खाण्याजोगी वस्तू ते मासळी समजूनच तपासतात. दुधीला अंगठ्याने दाबतात. फ्लॉवरची पाने कल्ल्यांसारखी उचलून आत वाकून पाहतात. एका पार्कमध्ये त्यांनी पनीरच्या तुकड्यात अंगठा रुतवला, तेव्हा काउंटरवरचा तरुण ओरडला, "ओ काका, हात नका लावू! हायजीनचा प्रश्न आहे."

"दाबल्याबिगर कसा कलनार?" काका शांतपणे म्हणाले. "खड्डा पडला तो भरला नाय. ह्यो परवाचा माल हाय."

पनीर परवाचेच होते, हे त्या तरुणाच्या चेहऱ्यावरून कळले. पण काका जिंकल्याचा आनंद मानत नाहीत. परत येताना ते विषण्णपणे म्हणाले, "मासली डोल्यांतून सांगते कवाची हाय ती. भाजीला डोला नसतो, बाय. म्हून तिच्यात फसवनूक सोपी."

हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकले आहे की, त्याला आता सिद्धान्ताचा दर्जा द्यायला माझी हरकत नाही.

त्यांची माझी ओळख झाली तीही तेलामुळे. मी एका अन्नचाचणी प्रयोगशाळेत काम करते. खाद्यतेले हा माझा विषय आहे. एका रविवारी सकाळी काका दारात उभे राहिले. हातात गोळ्यांची रिकामी बाटली आणि तिच्या तळाशी चमचाभर तपकिरी तेल.

"बाय, तू तेल तपासतंस म्हनं?"

"हो काका. काय आहे हे?"

"भजी इकत घेतली, पिलली आनि काढला. यात मासा तलला व्हता का, ते मना सांग."

मी त्यांना पद्धत सांगितली: नमुना कसा घ्यावा लागतो, कोणते यंत्र लागते, किती वेळ लागतो आणि पिळलेली भजी हा शास्त्रीय नमुना का ठरत नाही. काकांनी सगळे आदराने ऐकून घेतले. मग झाकण उघडून बाटली नाकापासून वीतभर अंतरावरून एकदा फिरवली आणि म्हणाले, "काल कोलंबी. आज बटाटा."

"तुम्हाला माहीत आहे, तर मला कशाला विचारता?"

"मना म्हायती हाय. पन तिला कागद लागल."

'ती' कोण, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. मला फक्त त्या नाकाने पछाडले. त्या वर्षी मी परदेशी विद्यापीठासाठी संशोधनाचा प्रस्ताव तयार करत होते आणि मनात आले की, जे शोधायला आमच्या यंत्राला दीड तास लागतो, ते हा माणूस एका श्वासात करतो. याची रीतसर परीक्षा घ्यायलाच हवी. पुढच्या रविवारी मी सात सारख्या बाटल्यांत सात तेले भरली. सुरमई, बोंबील, कोळंबी, कांदाभजी, पुरी आणि पापड तळलेली सहा, आणि तुलनेसाठी एक कधीही न वापरलेले कोरे तेल. बाटल्यांवर फक्त आकडे. कोणत्या आकड्यात काय आहे, ते मी घडी घालून पाकिटात बंद केले. काकांनी गुडघ्यावर हात ठेवून सहाही तेले ओळखली. सातव्या बाटलीशी मात्र ते अडले. पुन्हा हुंगले.

"यात मासा नाय. भजी नाय. पन कोरा बी नाय. कोनी तरी लसूण परतली हाय."

"शक्यच नाही," मी म्हणाले. "ते कोरे तेल आहे."

आतून आईचा आवाज आला, "अगं, काल फोडणीतलं उरलं होतं थोडं. डब्यातच परत ओतलं मी."

सातपैकी सात. चूक होती ती प्रयोग करणाऱ्याची. तेव्हापासून काकांच्या आणि माझ्या संबंधांत एक प्रकारचा व्यावसायिक आदर आला आणि ते मला आपल्या मोहिमेची खरी हकीकत सांगू लागले.

ती अशी. काकांना एकच मुलगी होती, रेश्मा. द्रोणागिरीच्या एका गोदामाच्या कचेरीत ती आयात-निर्यातीची कागदपत्रे पाहायची. तिथेच तिने डोंबिवलीच्या एका मुलाशी जमवले आणि लग्न केले. मुलगा सालस, घर मात्र पिढ्यान्पिढ्यांचे शाकाहारी, अंडेसुद्धा उंबऱ्याबाहेर. रेश्माने सासरी ते सगळे सांभाळले. मुलगी झाली, ओवी. ओवी दहा महिन्यांची असताना रेश्मा तापाने आठ दिवसांत गेली.

ओवी आता सहा वर्षांची आहे आणि तिच्या वडिलांच्या आईने, शैलाताईंनी, तिला वाढवले आहे; कागद लागणारी 'ती' म्हणजे याच. शैलाताई वाईट नाहीत, हे मी मुद्दाम नोंदवते, कारण अशा हकीकतींत कुणाला तरी वाईट ठरवण्याची घाई असते. काकांनी नातीला भेटायला मागितले, तेव्हा त्यांनी लगेच पाठवले. काका-काकूंनी स्वयंपाकघर आठ दिवस घासले, महिनाभर घरात मासळी आणली नाही आणि ओवीसाठी पुऱ्या, बटाट्याची भाजी, वाटाणा, श्रीखंड, साबुदाण्याचे वडे असा लग्नाचा घाट घातला. ओवीने नऊ तासांत एक घासही खाल्ला नाही. घरी जाऊन तिला उलट्या झाल्या, ताप भरला. शैलाताईंनी फोनवर एवढेच सांगितले, "भाऊ, तिला भेटा, पण घरी नको. बाहेर कुठे तरी न्या, जिथे मुलं रमतात. आणि तिला नीट जेवू घाला. शाकाहारी आणि पोटभर. एवढंच माझं मागणं."

म्हणून थीम पार्क. वर्षातून तीन दिवस: दिवाळीची सुटी, नाताळ आणि वार्षिक परीक्षा संपल्यावर. या तीन दिवसांसाठी काका उरलेले वर्षभर धुरावर पाळत ठेवून बसत.

आता अडचण ओवीची. मी मुलांविषयी भावुक होत नाही, म्हणून निःपक्षपातीपणे सांगते: खाण्याच्या बाबतीत इतकी चोखंदळ व्यक्ती मी प्रौढांतही पाहिलेली नाही. ताटातला एक पदार्थ दुसऱ्याला टेकता कामा नये. हिरवे काही दिसता कामा नये; कोथिंबिरीचे एक पान म्हणजे अख्खा पदार्थ बाद. डोशावर तपकिरी ठिपका असेल तर तो 'जळका'. इडली चालते, पण चटणीच्या वाटीशेजारी बसलेली इडली चालत नाही. आइस्क्रीम ती खाते, पण शैलाताईंच्या व्याख्येत आइस्क्रीम हे जेवण नाही. घरी ती दोन्ही वेळा आनंदाने फक्त वरण-भात, तूप आणि लिंबू खाते. हे शैलाताईंनी पहिल्याच दिवशी सांगितले होते.

मग प्रश्न सुटलाच की, असे कोणालाही वाटेल. मलाही वाटले. पण काका पार्कमध्ये तिला वरण-भात सोडून जगातले सर्व काही खाऊ घालायला निघत. कोऱ्या डोशासाठी ते आचाऱ्याची दाढी धरत. मीठ न टाकलेले पॉपकॉर्न, कडा कापलेले पाव, साल काढलेली काकडी, वेगवेगळ्या वाट्यांतली पावभाजी. पहिल्या सहलीत ओवीने दोन इडल्या खाल्ल्या. शैलाताई काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या सहलीत तिने तीन पापड आणि एक आइस्क्रीम खाल्ले आणि रात्रभर पोट धरून रडली. तिसऱ्या सहलीत ती दिवसभर फक्त पाणी प्यायली.

"वरण-भात का नाही नेत?" मी विचारले.

"बाहेरचा डबा आत सोडत नायत."

ही मला सोडवता येण्याजोगी अडचण वाटली. मी पार्कच्या व्यवस्थापनाला पत्र लिहिले: सहा वर्षांची मुलगी, आहाराच्या मर्यादा, घरचे अन्न नेण्याची परवानगी मिळावी. चौथ्या दिवशी परवानगीचे उत्तर आले. ते छापून मी विजयी मुद्रेने दुसऱ्या मजल्यावर गेले.

काकांनी कागद उलटसुलट करून पाहिला. "थर्मासमदी भात फुगतो."

"फुगत नाही. मी डबा बघून ठेवलाय."

"पोर खेलाला आलेली. तिला काय तरी वेगला पायजे."

"तिला वेगळं नकोच आहे काका. तिला एकच गोष्ट हवी आहे आणि ती आपल्याला माहीत आहे. इतकं सोपं गणित तुम्ही अवघड करताय."

"बाय, तुजी विद्या तुज्यापाशी," काका उठत म्हणाले. त्यांचा आवाज मी एवढा कोरडा कधी ऐकला नव्हता. "तू तो डबा आनलास तर मी पोरीला नेनार नाय. सांगून ठेवतो."

चांगुणाकाकू ओट्याशी पाठमोऱ्या उभ्या होत्या. त्या वळल्या नाहीत. मी जिना चढताना ठरवून टाकले की, हा हट्ट आहे. माणसाचे एखादे कौशल्य फार वाढले की, साधे उत्तर त्याला अपमानास्पद वाटू लागते. हा निष्कर्ष मला तेव्हा फार सुबक वाटला होता.

मार्चच्या शेवटी शैलाताईंचा फोन आला. काकांनी फोन मोठ्या आवाजावर ठेवला, कारण त्यांना एका कानाने कमी ऐकू येते. त्यामुळे तो मीही ऐकला.

"भाऊ, तुमचं प्रेम मला दिसतं. पण प्रत्येक वेळी पोर आजारी पडून येते आणि मग आठ दिवस मी काढते. माझंही वय झालं. या खेपेला उपाशी परत आली, तर ती मोठी होईपर्यंत बाहेर पाठवणार नाही. स्पष्ट सांगितलेलं बरं."

"बरोबर हाय तुमचा, विहीनबाय," काका म्हणाले. फोन ठेवल्यावर त्यांनी मला विचारले, "मोठी म्हंजे किती वर्सांची गो?"

त्यांनी स्वतःच बोटांवर काही मोजले आणि हात खाली ठेवला. काका सत्तरीला टेकलेले आहेत.

एप्रिलमधल्या त्या शनिवारी मीही सोबत गेले. चांगुणाकाकू उन्हात चक्कर येत असल्यामुळे येऊ शकत नव्हत्या. शैलाताई आणि ओवीचे वडील तिला आमच्या इमारतीच्या फाटकापर्यंत गाडीने सोडून गेले. शैलाताई नेहमीप्रमाणे खाली उतरल्या नाहीत. ओवी मात्र काकांना पाहून दोन्ही पायांवर उडी मारून उतरली. तिचे आजोबांवर प्रेम आहे यात शंका नव्हती. प्रेमाने भूक लागत नाही, एवढाच प्रश्न होता.

काकांची तयारी चोख होती. आदल्या बुधवारी ते एकटे येऊन तिन्ही वेळा धूर पाहून गेले होते. डोसेवाल्याशी बोलणे झाले होते: वेगळा तवा, वेगळे तेल, ठिपका पडू द्यायचा नाही. अकरा वाजता आम्ही तिथे पोचलो, तर काउंटरला जाळी. डोसेवाला आजारी, दुकान बंद.

"हरकत नाय," काका म्हणाले. "पावभाजी."

पावभाजीच्या शेगडीजवळ ते क्षणभर थांबले, नाक वर केले आणि ओवीचा हात धरून तसेच पुढे निघाले. "अंडा फुटला हाय त्या तव्यावर," ते मला हळूच म्हणाले. पिझ्झ्यावर ओवीला सिमला मिरची दिसली. भाताचा एक प्रकार मिळाला, त्यात वाटाणे होते. काकांनी बाकावर बसून एकेक वाटाणा वेचून काढला. सगळे वाटाणे काढून झाल्यावर ओवी गंभीरपणे म्हणाली, "पण ते आत होते ना, आजोबा. भाताला माहितीये."

मला हसू आले. काकांना आले नाही. त्यांनी मान डोलावली, जणू हा युक्तिवाद त्यांना बिनतोड वाटला.

दोन वाजले. उन्हाने फरशी भाजत होती. ओवी लहान मुलांच्या आगगाडीत दोनदा बसली. दुसऱ्या वेळी उतरली तेव्हा तिची चाल मंदावली होती. तिने आजोबांच्या मांडीवर डोके टेकले. मुलांच्या रक्तातली साखर घसरू लागली की हात गार पडतात. मी तिचा हात धरला, तो गार होता. मी तिला पाणी आणि साखरेची गोळी दिली. गोळी हिरवी निघाली. तिने परत केली.

मग तिने तोंड वर करून विचारले, "आजोबा, इथे वरण-भात नाही मिळत?"

काका समोर पाहत राहिले. ओवीने डोळे मिटून घेतले. त्यानंतर काका बोलले, ते माझ्याशी, पण माझ्याकडे न पाहता.

"बाय, त्यो सुतकाचा जेवान हाय."

"म्हणजे?"

"आमच्यात मासली बंद कवा असते? घरात कोन गेला तवा. रेश्मा गेली तवा बारा दिस आमची चूल पेटली नाय. भावकीतली बायका-मानसा सकाल-संध्याकाल वरण-भात आनून वाढायची. ना मीठ कलायचा, ना काय. तेराव्याला पावन्यांनी मासली घालून दुखवटा सोडवला. त्या दिसापासून मी वरण-भाताला शिवलो नाय. वास आला तरी मी दार उघडून भायेर जातो." त्यांनी ओवीच्या केसांवरून हात फिरवला. "ही हितं हसाला येते. वर्साचे तीन दिस. तिला हितं बसवून तिच्या आयच्या सुतकाचा भात घालू? कसा घालू, तूच सांग."

वर्षभर मी एका गणितात गुंतले होते आणि त्यातली एक राशी मला दिसलीच नव्हती. एकच पदार्थ, एका घरात रोजचे सुख, दुसऱ्या घरात बारा दिवस. कोणत्याही नाकाला, कोणत्याही यंत्राला हा फरक कळला नसता. 'हट्ट' हा माझा सुबक निष्कर्ष मी मनातल्या मनात खोडला.

थोड्या वेळाने मी म्हणाले, "काका, ओवीला ते सुतक माहीत नाही. तिला तो घास रोज तिची आजी भरवते."

काकांनी ओवीचे डोके अलगद उचलून माझ्या मांडीवर ठेवले आणि उठले. "हितं काम करनारी पोरा-पोरी कंय जेवतात?" त्यांनी झाडूवाल्या बाईंना विचारले. अकरा वेळा येऊन त्यांनी गिऱ्हाइकांची सगळी स्वयंपाकघरे तपासली होती. कामगारांची खानावळ त्यांना ठाऊक नव्हती. तिथे काय शिजत असणार, ते ठाऊक असल्यामुळेच बहुधा. बाईंनी पत्र्याच्या शेडकडे बोट दाखवले. आम्ही तिघेही निघालो. ओवी काकांच्या कडेवर, गुडघ्यांचा विचार न करता.

शेडमध्ये कमरेला पदर खोचलेल्या एक मावशी मोठ्या पातेल्यांशी उभ्या होत्या. आपटा गावच्या होत्या, असे नंतर कळले. आत शिरताच काका थबकले. एका पातेल्यात वरण होते, शेजारच्या शेगडीवर बोंबलाचे कालवण. यासाठी काकांच्या नाकाची गरज नव्हती, मलाही कळले.

"काय पायजे, काका?"

काकांचे ओठ हलले. "वरण-भात."

"हाय ना. बोंबील पन हाय ताजा. वाढू?"

"नको. पोरीला वरण-भात. ती खात नाय कायच. बाय, पला धुवून घे, नायतर दुसरा घे. त्या कालवणाचा नको."

मावशींनी त्यांच्याकडे पाहिले, ओवीकडे पाहिले. काही न विचारता त्यांनी फळीवरचा वेगळा पळा काढला, नळाखाली धरला, पदराने नाही तर स्वच्छ फडक्याने पुसला आणि वरणाच्या पातेल्यात वरवर नाही, तळापर्यंत घातला. भात सकाळीच दुसऱ्या कोपऱ्यात उतरवून ठेवला होता. त्यांनी लिंबाची फोड ठेवली, तूप नव्हते. काकांनी भात दाबून पाहिला नाही. हुंगलाही नाही. स्टीलची थाळी दोन्ही हातांनी धरून बाकावर आणली.

ओवीने थाळी पाहिली आणि सरळ बसली. वरण-भात टेकलेले होते, पण ते टेकलेले चालतात. तो एकच अपवाद. तिने पहिला घास कालवला आणि मग हात थांबवला.

"तुम्ही पण."

"मना भूक नाय. तू जेव."

"मी एकटी नाही जेवत. घरी आजी बसते माझ्याबरोबर. त्या बाजूने तुम्ही, या बाजूने मी."

मी मध्ये पडणार होते, की मी बसते तुझ्याबरोबर. का कोण जाणे, थांबले. काका थाळीच्या त्या बाजूला बसले. त्यांनी बोटांनी भात कालवला, घास तोंडात घेतला आणि तसेच थांबले. जबडा हलेना. डोळे समोरच्या पत्र्यावर. शेडमध्ये कामगार जेवत होते, बोलत होते, कुणाचा तरी फोन वाजत होता.

"गिळा ना, आजोबा," ओवी म्हणाली. "याला चावायचं नसतं."

काकांनी गिळले. मग म्हणाले, "लिंबू कमी हाय."

"पिळा मग!" ओवी म्हणाली आणि त्यांच्या बाजूला लिंबू सरकवून खाऊ लागली. तिने दोनदा भात मागून घेतला. दुसऱ्यांदा मावशी स्वतःच वाढायला आल्या, तर काकांनीही थाळीचा आपला कोपरा पुढे केला. ओवीची बडबड सुरू झाली: शाळेतल्या कुणाचा तरी दात पडला होता आणि तो गिळला गेला होता. काका हसले. गालावरून पाणी ओघळत होते. ते त्यांनी उलट्या मनगटाने, कागदी पट्ट्यानेच पुसले.

संध्याकाळी साडेसहाला आम्ही विचुंब्याला पोचलो. गाडी फाटकाशी उभी होती. ओवीने उड्या मारत खिडकीतून आजीला दात गिळल्याची हकीकत सांगितली. शैलाताईंनी तिच्या कपाळाला हात लावून पाहिला, पोट चाचपले आणि मग काकांकडे वळल्या.

"जेवली?"

"जेवली. वरण-भात. दोनदा मागून घेतला."

शैलाताईंच्या चेहऱ्यावरचा ताण सैल झाला. इथे थांबता आले असते. मी मनातल्या मनात काकांना थांबा म्हणत होते.

"पन विहीनबाय, खोटा नाय सांगनार," काका म्हणाले. "कामगारांच्या खानावलीत जेवली. शेजारी बोंबील शिजत व्हता. पला वेगला व्हता, मी उभा राहून धुवून घेतला. वरण त्यानं शिवला नाय. पन एका छपराखाली व्हता. तुमाला चालत नसल तर तुमचा बरोबर हाय."

गाडीचे यंत्र चालू होते. वर्षभराच्या मेहनतीचा निकाल एका वाक्यावर येऊन ठेपला होता आणि ते वाक्य काकांनी आपण होऊन उच्चारले होते.

"ती एकटी जेवत नाही," शैलाताई म्हणाल्या. "तिच्याबरोबर कोण बसलं?"

"मी."

"तुम्ही वरण-भात खाल्लात?"

काकांनी होकारार्थी मान हलवली. रेश्मा गेल्यावरचे ते बारा दिवस शैलाताईंनीही पाहिले होते. चौथ्या दिवशी त्या ओवीला घेऊन उरणला आल्या होत्या आणि काकांच्या पुढ्यातली न उष्टावलेली थाळी त्यांनीच उचलली होती. हे मला चांगुणाकाकूंनी नंतर सांगितले. त्या क्षणी मी एवढेच पाहिले की, शैलाताईंनी पुढे वाकून मुलाच्या खांद्याला हात लावला आणि त्याने गाडी बंद केली. मग त्यांनी दार उघडले आणि सावकाश, एक पाय टेकवून मग दुसरा टेकवत, खाली उतरल्या.

"भाऊ, उन्हातून आलोय. पाणी मिळेल का घोटभर?"

काका गोंधळले. त्यांनी वर खिडकीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले. "हाय ना, पानी हाय... मंजे, दुकानातली बाटली आनू? कंच्या भांड्यात देऊ?"

"ज्यात तुम्ही पिता, त्यात," शैलाताई म्हणाल्या आणि ओवीचा हात धरून फाटकातून आत आल्या.